चंद्राचा फोटो आणि आपल्या नवापूरचा पुरावा

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा. राजकीय आहे की नाही ते शेवटी तुम्हीच ठरवा.)

गेल्या काही महिन्यांत मला किमान दहा-बारा जणांनी विचारलंय, "तू रात्री नवापूरच्या किनाऱ्यावर तिकाटणं लावून नक्की काय करतोस?" साधं उत्तर असं की मी चंद्राचे फोटो काढतो. यापेक्षा मोठं काही नाही. कॅमेरा जुना आहे, दुसऱ्या हाताने घेतलेला, आणि लेन्स ३०० मिलिमीटरची. लग्नाचे फोटो काढणारा माणूसही या सामानाकडे बघून हसेल. पण चंद्रासाठी एवढं पुरतं. कसं पुरतं ते आधी सांगतो. मग तो विषय आपल्या गावाच्या, पाण्याच्या आणि व्हॉट्सॲपच्या भांडणापर्यंत कसा जातो तेही सांगतो.

आधी भूगोल. नवापूरला उभं राहिलं की समोर पश्चिमेला समुद्र आणि पाठीमागे पूर्वेला तारापूर एमआयडीसी, त्याच्या पलीकडे बोईसर. म्हणजे पौर्णिमेचा चंद्र आपल्याकडे उगवतो तो कारखान्यांच्या चिमण्यांवर आणि मावळतो तो पहाटे समुद्रात. उगवताना तो धुरकट, तांबूस असतो. मावळताना, हिवाळ्यात वारा जमिनीवरून सुटलेला असेल तर, कधीकधी इतका स्वच्छ असतो की लेन्सशिवायही त्यावरचे डाग मोजता येतील. एकाच रात्रीचा एकच चंद्र, पण दोन टोकांना दोन वेगळे फोटो. उगवता चंद्र डोळ्यांना प्रचंड मोठा दिसतो, तेही फसवं आहे. त्याच लेन्सने उगवतानाचा आणि डोक्यावरचा असे दोन फोटो काढून पट्टीने मोजले तर आकार सारखाच भरतो. उलट क्षितिजावरचा किंचित लहान असतो, कारण तेव्हा चंद्र आपल्यापासून पृथ्वीच्या त्रिज्येएवढा जास्त लांब असतो.

मोबाईलने चंद्र काढला की बहुतेकांना पांढरा बल्ब मिळतो. कारण असं की कॅमेरा सगळं काळं आकाश बघतो, त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो जास्त उजेड आत घेतो. पण चंद्र अंधारात नाहीच. तो भर उन्हात आहे. आपल्याकडे रात्र आहे एवढंच, त्याच्यावर सूर्य तळपतोय. म्हणून चंद्राचा फोटो दुपारी उन्हातल्या डांबरी रस्त्याचा फोटो काढतो तसा काढायचा. डांबराची उपमा उगाच दिलेली नाही. चंद्राची माती पडणाऱ्या उजेडापैकी साधारण १२ टक्केच परत फेकते, म्हणजे ती जुन्या डांबराइतकीच काळपट. काळ्या आकाशापुढे ती पांढरी वाटते. छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा आहे: छिद्र एफ/११ ठेवा आणि आयएसओ जितका तितका सेकंदाचा भाग. आयएसओ १०० असेल तर एक शतांश सेकंद. मी एफ/८ आणि एक दोनशेपन्नासांश वापरतो. अर्धा चंद्र असेल तर हळूहळू वाढवत जायचं, कारण अष्टमीचा चंद्र आकाराने अर्धा असला तरी उजेडाने पौर्णिमेच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा असतो. बाकी दोन सेकंदांचा टायमर लावायचा, फोकस हाताने करायचा, तिकाटण्याचे पाय वाळूत दाबून बसवायचे. वेळही लागत नाही. चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा सरकायला दोन मिनिटं घेतो, तेवढ्यात वीस फोटो होतात.

आणि या छंदाला अंधारही लागत नाही, हे फार बरं आहे. आकाशगंगा बघायची तर लांब जावं लागतं. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, तिथे वगैरे. बोईसरच्या आकाशात एवढा उजेड आहे की तारे मोजायला दोन हात पुरतील. पण चंद्र गच्चीवरूनही तेवढाच चांगला येतो.

माझ्या कॅमेऱ्यात चंद्र सेन्सरवर पावणेतीन मिलिमीटरचा उमटतो. म्हणजे सातशेच्या आसपास पिक्सेल. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर. भागाकार केला तर एका पिक्सेलमध्ये पाच किलोमीटर बसतात. बोईसर स्टेशन ते नवापूरचा किनारा हे सरळ रेषेतलं अंतर चंद्रावर नेऊन ठेवलं तर माझ्या फोटोत ते दीड पिक्सेल होईल. कोपर्निकस नावाचं विवर ९३ किलोमीटर रुंद, ते अठरा-एक पिक्सेल. तेवढ्यातही त्याची कड आणि मधला उंचवटा दिसतो, मात्र पौर्णिमेला नाही. पौर्णिमेला सूर्य चंद्राच्या समोरून, म्हणजे आपल्या पाठीमागून पडतो. सावल्याच नसतात, म्हणून सगळं सपाट दिसतं. शुक्ल अष्टमीच्या आसपास उजेड आणि काळोख यांची सीमा बरोबर मधून जाते आणि तिथल्या विवरांच्या सावल्या लांब पडतात. चंद्रयान-३ उतरलं ते २३ ऑगस्ट २०२३ रोजी, आणि त्या दिवशी होती शुक्ल सप्तमी. तो योगायोग नव्हता. उतरायच्या जागी तेव्हा नुकती सकाळ होत होती, आणि लँडर सौरऊर्जेवर चालणारं होतं. चंद्रावरचा दिवस आपल्या चौदा दिवसांचा, म्हणून सकाळीच उतरायचं. सगळा देश टीव्हीसमोर होता, त्यातल्या फार कमी लोकांनी खिडकीतून तिथी बघितली असेल. असो.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? माझ्या पुतण्याचा मोबाईल यापेक्षा सुंदर चंद्र काढतो. काढतो, मान्य. पण २०२३ च्या मार्चमध्ये काय झालं ते बघा. एका माणसाने चंद्राचा फोटो घेतला, तो मुद्दाम १७० बाय १७० पिक्सेलचा करून धूसर केला, इतका की त्यात विवर-बिवर काहीही उरलं नाही. तो संगणकाच्या पडद्यावर लावला, खोली अंधारी केली आणि लांबून सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. फोनने विवरांसकट स्वच्छ चंद्र दिला. जे समोर नव्हतंच ते फोनने आणून बसवलं. त्यावर मोठा गदारोळ झाला, कंपनीने खुलासा केला की फोन चंद्र ओळखतो आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने तपशील सुधारतो. त्याच्या चार वर्षं आधी हुआवेच्या फोनवरून हाच वाद झाला होता.

मला यात त्या कंपनीला शिव्या द्यायच्या नाहीत. लोकांना छान चंद्र हवा असतो, फोन तो देतो. लग्नात चेहरे गोरे करून देतो, तसंच. प्रश्न वेगळाच आहे. ज्या यंत्राला 'इथे काय असायला हवं' हे आधीच माहीत आहे आणि ते तसं काढून देतं, त्या यंत्राने काढलेला फोटो आपण उद्या कलेक्टर कचेरीत पुरावा म्हणून घेऊन जाणार आहोत. आणि आपल्या किनाऱ्याला पुराव्याची गरज रोज आहे.

बाहेरगावच्या मित्रांसाठी थोडक्यात सांगतो. तारापूर एमआयडीसीतलं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून वाहिनीने नवापूरला येतं आणि इथून समुद्रात जातं. ते खोल समुद्रात सुमारे ७ किलोमीटर आत नेऊन सोडायच्या वाहिनीवरून गावांनी आंदोलनं केली आहेत. प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादात गेली. जानेवारी २०२२ मध्ये निकाल लागला, शंभरावर कारखान्यांना आणि सामायिक केंद्राला कोट्यवधी रुपयांची भरपाई भरायला सांगितली गेली. वर वाढवणला ७६ हजार कोटींचं बंदर येतंय, त्याचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये झालं. खाली मुरब्याला आणखी एका बंदराचा प्रस्ताव आहे. उत्तरेला १९६९ पासूनचं अणुऊर्जा केंद्र. एवढ्या सगळ्याच्या मधोमध नवापूर, दांडी, आलेवाडी, नांदगाव, उच्छेळी. मासेमारी, सुकवलेले बोंबील, वाडी. आणि मी स्वतः? मी एमआयडीसीत नोकरी करतो. दुसऱ्या पाळीला रात्री अकराला सुटतो आणि गाडी घेऊन किनाऱ्यावर जातो. माझी चूल त्या पाण्याच्या एका टोकावर पेटते आणि माझे शेजारी दुसऱ्या टोकावर जाळी टाकतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यावरूनच वाद झाला.

आमच्या परिसराच्या एका ग्रुपवर एक फोटो आला. रात्रीचा किनारा, पाणी लांब गेलेलं, ओल्या वाळूवर मेलेले मासे, आणि वर, समुद्राच्या अगदी जवळ, चंद्राची बारीक कोर. खाली मजकूर: "आत्ताच काढलेला फोटो, रात्री ९ वाजता, नवापूर. जास्तीत जास्त शेअर करा." पाच मिनिटांत संतापाचा पाऊस. कुणी मोर्चाची तारीख मागतंय, कुणी पत्रकारांना टॅग करतंय.

त्या दिवशी तिथी होती कृष्ण दशमी. कृष्ण दशमीचा चंद्र रात्री नऊला आकाशात नसतोच. तो मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास उगवतो, तोही पूर्वेला, एमआयडीसीच्या बाजूने. पश्चिमेला समुद्रावर टेकलेली कोर फक्त शुक्ल पक्षात, संध्याकाळनंतर दिसते. म्हणजे फोटो त्या रात्रीचा नव्हता.

मी खात्री करायला शेजारच्या काकांकडे गेलो. काकांनी आयुष्यभर डोल लावली, आता मुलगा बोट चालवतो. मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी मासे बघितलेच नाहीत, आधी वर बघितलं.

"चवथीचा चंद्र हाय हा. आज दशमी ना? मग आज कुठला?"

"तेच म्हणतोय काका."

"आन पानी बघ. आज नऊला पानी इथवर," त्यांनी हाताने पायरी दाखवली, "फोटोत पार सुकलंय."

हे दुसरं माझ्या लक्षात यायच्या आधी त्यांनी सांगितलं. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचं गणित तुम्हाला माहीत असेलच: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे संध्याकाळी साडेसातला पूर्ण भरती, नऊला पाणी अजून वरच. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती, त्यानंतर सहा तासांनी, रात्री नऊला, पूर्ण ओहोटी. आणि चतुर्थीचा चंद्र साधारण साडेनऊला मावळतो, म्हणजे नऊला तो समुद्राच्या जवळ असणारच. चंद्र आणि पाणी दोन्ही एकच साक्ष देत होते: शुक्ल चतुर्थी, रात्री नऊच्या आसपास. मजकुरातली वेळ बरोबर होती, दिवस वेगळा होता. हे गणित अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, पण अख्खी भरती-ओहोटी उलटी होत नाही.

ज्यांना वाटतं तिथ्या म्हणजे पंचांगवाल्यांचं काम, त्यांच्यासाठी: मागच्या वर्षी, ७ सप्टेंबर २०२५ ला, भाद्रपद पौर्णिमेला लालबागच्या राजाची मूर्ती गिरगाव चौपाटीवर भरतीमुळे तराफ्यावर चढेना आणि विसर्जन रात्रीपर्यंत लांबलं. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. ऐन दुपारची भरती कोणत्याही कोळ्याने न बघता सांगितली असती. आणि त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहणही होतं, अकरा ते साडेबाराच्या दरम्यान.

तर मी ग्रुपवर लिहिलं की फोटो आजचा नाही, चंद्र बघा. अपेक्षेप्रमाणे पहिलं उत्तर आलं: "तुमची भाकरी एमआयडीसीची, तुम्ही असंच बोलणार." दुसरं: "मासे मेलेत ते दिसत नाही, चंद्र दिसतो!" हे दुसरं मला जास्त लागलं, कारण त्यात तथ्य आहे. मासे मेलेलेच होते. कुठेतरी, कधीतरी, कुणीतरी ते बघितलं होतं आणि फोटो काढला होता. तो फोटो खोटा नव्हता, त्याखालची ओळ खोटी होती. पण उद्या सुनावणीत समोरच्या वकिलाने ही एक ओळ उचलली की त्या फोटोबरोबर बाकीचे वीस खरे फोटोही कचऱ्यात जातात. नुकसान कुणाचं? बोट चालवणाऱ्याचं. कारखान्यांना चुकीचा फोटो हवाच असतो, त्यांना त्यातून पळवाट मिळते. हे मी कारखान्यात काम करणारा माणूस म्हणून सांगतोय.

काकांनी ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला तेव्हा कुठे वाद थांबला. त्यांना कुणी कंपनीचा माणूस म्हणू शकत नव्हतं.

चंद्राने साक्ष फिरवल्याचं हे काही पहिलं उदाहरण नाही. अब्राहम लिंकन वकिली करत होते तेव्हाची, मे १८५८ ची गोष्ट. डफ आर्मस्ट्राँग नावाच्या तरुणावर खुनाचा आरोप होता. साक्षीदार म्हणाला, रात्री अकराच्या सुमारास लख्ख चंद्रप्रकाशात मी लांबून त्याला मारताना बघितलं. लिंकन यांनी पंचांग, म्हणजे त्यांच्याकडचं आल्मनॅक, कोर्टात उघडून दाखवलं: त्या वेळी चंद्र मावळतीला आला होता. आरोपी सुटला. दुसरी गोष्ट फोटोची. ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराचा न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा फोटो जगप्रसिद्ध आहे. ॲडम्सना तारीख नीट आठवत नव्हती, ते वेगवेगळी वर्षं सांगत. शेवटी खगोलाच्या अभ्यासकांनी फोटोतल्या चंद्राची जागा मोजून तारीख काढली: १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटं. आणि गंमत म्हणजे त्या दिवशी ॲडम्सना प्रकाशमापक सापडत नव्हता, चंद्र किती तेजस्वी असतो हे पाठ होतं म्हणून त्यावरून त्यांनी फोटोचं गणित मांडलं.

आपल्याकडचं उदाहरण तर अगदी घरचं. २०१४ ची जालना विधानसभा निवडणूक. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत भरला की नंतर, यावर अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांचा खटला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओचा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० च्या निकालात कोर्टाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर कायद्यातलं प्रमाणपत्र लागतंच. मूळ यंत्रच मालकाने कोर्टात आणून दाखवलं तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्याच्या कलम ६३ मध्येही हे प्रमाणपत्र आहे, आणि त्या नमुन्यात आता फाईलची 'हॅश' नावाची संख्याही लिहावी लागते. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा म्हणा. फाईलमध्ये एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो.

आता व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवला की काय होतं? तो दाबून लहान केला जातो आणि त्याच्या पोटातली तारीख, वेळ, जागा गळून पडते. म्हणजे आपण 'जास्तीत जास्त शेअर' केलेला फोटो हा पुराव्याच्या दृष्टीने सगळ्यात निरुपयोगी फोटो. ज्याने काढला त्याच्या फोनमधली मूळ फाईलच कामाची, आणि ती तो आठ दिवसांनी जागा करायला पुसून टाकतो.

मध्यंतरी आणखी एक प्रसंग झाला, तोही सांगतो. अष्टमी होती, साडेअकरा वाजलेले, चंद्र मावळतीकडे. गस्तीवरचे एक हवालदार टॉर्च मारत आले. सहा वर्षांच्या मुलाच्या हाताएवढी लांब लेन्स, मध्यरात्र, समुद्रकिनारा, आणि पाच-सहा किलोमीटरवर अणुऊर्जा केंद्र. त्यांनी थांबवलं नसतं तरच मला नवल वाटलं असतं. २००८ नंतर आपल्या किनाऱ्यावर हे होणारच आणि व्हायलाच हवं.

"काय चाललंय इथे?"

"चंद्राचा फोटो काढतोय साहेब."

"दिवसा नाही का काढता येत?" (खरं तर येतो. पण ते वाद घालायचं ठिकाण नव्हतं.)

"ओळखपत्र?"

ते दाखवलं. मग त्यांनी विचारलं, "तिकडे तर नाही ना लावला?" आणि उत्तरेकडे मान हलवली. मी सांगितलं, साहेब, आपल्या गावावरून चंद्र कधीच उत्तरेला मावळत नाही. सूर्य पश्चिमेच्या पंचवीस अंश इकडे-तिकडे मावळतो, चंद्र फार तर तीस अंश, तेही साडेअठरा वर्षांतून एकदा येणाऱ्या काळात. केंद्र त्याच्या खूप बाहेर आहे. माझी लेन्स तिकडे वळायचं कारणच नाही. त्यांना अंशांशी देणंघेणं नव्हतं. ते म्हणाले, "फोटो दाखवा." मी मागच्या पडद्यावर मोठा करून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "हे खड्डे खरंच आहेत? का तुमच्या ॲपने टाकले?"

हवालदारांनी दोन वाक्यांत माझी सगळी पोस्ट सांगून टाकली होती! मी त्यांना मेमरी कार्डवरचे आधीचे सगळे फोटो दाखवले, बिघडलेले, हललेले, एका कडेने कापलेले. पंधरा खराब आणि एक बरा असा सलग क्रम. ते बघून त्यांना खात्री पटली. जाताना म्हणाले, आधी चौकीत कळवत जा. तेव्हापासून मी चौकीत फोन करूनच जातो, आणि तुम्हीही किनाऱ्यावर कॅमेरा नेणार असाल तर तेच करा. केंद्राच्या दिशेला लेन्स वळवू नका. कायद्याने ती प्रतिबंधित जागा आहे, तिथे हौस चालत नाही.

त्यानंतर आम्ही काही मुलांनी मिळून एक साधी शिस्त ठरवली. पाण्याचा रंग बदललेला दिसला, फेस दिसला, मासे मेलेले दिसले, तर फोटो एक नाही, पंधरा काढायचे, सलग. सुंदर करणाऱ्या सगळ्या सोयी फोनमध्ये बंद. जमेल तेव्हा एका फोटोत आकाश घ्यायचं: दिवसा सूर्याची सावली, रात्री चंद्र. एका फोटोत धक्का किंवा पायरी घ्यायची, म्हणजे पाणी कुठवर आहे ते कळेल. मूळ फाईल त्याच रात्री संगणकावर उतरवून तिची हॅश वहीत लिहायची, तिथीसकट. ग्रुपवर टाकायचं ते नंतर, आणि खाली काढणाऱ्याने स्वतःची जबाबदारी घेऊन तारीख लिहायची. काकांनी यात एक भर घातली: वास कसला येतो तेही लिहा, फोटोत वास येत नाही.

या पद्धतीने पोरांनी केलेला एक अर्ज सध्या संबंधित कार्यालयात आहे. पोच मिळाली आहे, लोक येऊन पाण्याचा नमुना घेऊन गेले आहेत. अहवाल आला की इथेच टाकीन, आमच्या बाजूने असो वा नसो. फोटो हा शेवटी नमुन्याची जागा घेत नाही. लवादात उपयोगी पडले ते समित्यांचे अहवाल आणि पाण्याच्या तपासण्या. फोटोचं काम एवढंच की बाटली घेऊन माणूस वेळेवर यावा, आणि कुठल्या दिवशी, कुठल्या पाण्यावर यावा हे त्याला कळावं. भरतीच्या पाण्यात घेतलेला नमुना आणि सुकतीच्या पाण्यात घेतलेला नमुना सारखा नसतो, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

घरचे विचारतात की एमआयडीसीत नोकरी करून हे धंदे कशाला. मी त्यांना सांगतो की मी कुणाविरुद्ध काही करत नाही, तारखा नीट लिहायला लावतो. यावर बायको म्हणते, "त्याचाच लोकांना जास्त त्रास होतो." असेल.

ज्यांना खरोखर चंद्र काढायचाय त्यांच्यासाठी शेवटचं. महागडी लेन्स घेऊ नका. आपल्याकडची खारी, दमट हवा पावसाळ्यात लेन्सला बुरशी आणते. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात कॅमेरा ठेवा. पुड्या औषधांच्या बाटल्यांमधून जमवा, बोईसरमध्ये त्यांना तोटा नाही. येत्या शुक्ल अष्टमीला, आभाळ मोकळं असेल तर, मी नवापूरला सुरूच्या झाडांपाशी आहे. पहिली पाळी आहे, त्यामुळे सूर्य मावळायच्या आधीच येईन. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे तेव्हा पाणी वर असेल, पण भांगाचं, फार वर येणार नाही. गाड्या तरी रस्त्याच्या कडेलाच लावा. काका येणार आहेत. फोनवाल्यांनीही या, फक्त चंद्र सुंदर करणारी सोय आधी बंद करून या.